आधी रॉड घरी ठेवून नदीवर जा

पत्र, थोडक्यात: ‘वय ४२. तीन महिन्यांपूर्वी घराजवळच्या नदीवर कार्प पकडायला शिकायचं ठरवलं. रॉड, रीळ, डबाभर गळ, सगळं घेतलं. अकरा रविवार झाले. बारके मासे आमिष कुरतडून जातात, कार्प एकही नाही. एकदाच मोठा मासा लागला. रॉड कमानीसारखा वाकला आणि दहा सेकंदांत तंगूस तुटलं. त्या रात्री झोप लागली नाही. मासा गेला म्हणून, आणि त्याच्या तोंडात माझा गळ राहिला म्हणूनही. माझ्यापासून पन्नासेक पावलांवर एक आजोबा बसतात. रॉड साधा, जुना. त्यांना दोन-तीन आठवड्यांत एखादा तरी मिळतोच. त्यांचं आमिष कोणतं हे विचारायचा धीर होत नाही. आता चांगल्यातलं आमिष घेऊ की चांगल्यातला रॉड? पुढच्या रविवारी काय नेऊ?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो. त्याआधी एवढं करा: नवीन रॉड घेऊ नका, आमिषावरही आणखी पैसे घालू नका. आजोबांचं गुपित त्यांच्या डब्यात असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही कुठे बसता हे पत्रात लिहिलेलं नाही, पण अंदाज सांगू? उतरायला सोपी वाट, वर सावली, समोर मोकळं पाणी, फेकायला अडथळा नाही. आपण नवखे असतो तेव्हा जागा स्वतःच्या सोयीनं निवडतो. मी पहिला आख्खा हंगाम एकाच झाडाखाली काढला, कारण पाठ टेकायला त्याचं खोड फार छान होतं. पाठीला आराम पडला. मासा एकही नाही.

कार्पची सोय वेगळी असते. नदीत त्याला सतत धारेशी झुंजत राहणं परवडत नाही, म्हणून तो अशा ठिकाणी राहतो जिथे स्वतः संथ पाण्यात असेल आणि खाणं शेजारून वाहत येईल. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ कोरतं आणि खाली पोकळी होते, ती जागा. पडलेल्या झाडाच्या खालच्या अंगाला, पुलाच्या खांबामागे, ओढा नदीला मिळतो त्याच्या कडेला. आणि सगळ्यांत महत्त्वाची, एकदा दिसली की नंतर कायम दिसणारी जागा म्हणजे वेगाचं पाणी आणि संथ पाणी यांच्यामधली शीव. पृष्ठभागावर ती बारीक सुरकुतीसारखी दिसते. पानं, काड्या, फेस तिच्या कडेनं वाहत जातात. वरून वाहणारा कचरा जिथे रेंगाळतो, तिथे खालीही खाणं रेंगाळतं.

एक शंका आधीच मिटवून टाका. तुमच्या नदीत ‘कार्प’ म्हणजे नेमका कोण? हा एक मासा नसून मोठं कुटुंब आहे, आणि आमिष कुठे ठेवायचं ते माशाचं तोंड बघून ठरतं. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरातलं खातो. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा, वावर मधल्या थरात. मृगळ तळाशी. गवत्या नावाप्रमाणे पाणवनस्पती खातो. चंदेरा पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे तो तुमच्या गळाकडे ढुंकूनही पाहणार नाही. त्याच्या आशेवर बसाल तर अकराचे एकवीस रविवार होतील. आणि मिश्यांच्या दोन जोड्या असलेला, पाठीवर लांबलचक पर असलेला सायप्रिनस, म्हणजे जगभर ज्याला नुसतं ‘कार्प’ म्हणतात तो, तळ उकरून जगतो. तुम्ही वर्णन केलेली ओढ त्याचीच वाटते, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

हा मासा समजून घेतला की तुमचे अकरा रविवार कुठे गेले ते आपोआप कळेल. त्याला जठर नसतं, घशामागे थेट आतडं. पोटात साठवायची सोय नाही, म्हणून तो थोडं थोडं, पण वारंवार खातो. जबड्यात दात नसतात. ते घशात असतात आणि गोगलगायीचं कवच फोडण्याइतके भक्कम असतात. तोंड नळीसारखं पुढे येतं, गाळासकट खाणं ओढून घेतं, आत चाचपतं आणि नको ते फुंकून टाकतं. हे इतकं झटकन होतं की तुमचा गळ त्याच्या तोंडात जाऊन बाहेरही आलेला असतो आणि तुम्हाला रॉडच्या टोकावर एक बारीकशी थरथर तेवढी दिसते. बारके मासे कुरतडतात असं तुम्ही लिहिलंय. त्यातल्या काही थरथरी बारक्यांच्या नसाव्यात.

आणि त्याचे कान. कार्पच्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याचं ऐकणं बहुतेक माशांपेक्षा तिखट असतं. हवेतलं बोलणं पाण्यात फारसं उतरत नाही, गप्पा मारायला हरकत नाही. पण काठावर आपटलेला बूट, दगडावर सरकवलेली खुर्ची, दर दहा मिनिटांनी ‘बघू या आमिष आहे का’ म्हणून ओढून पुन्हा धप्पकन टाकलेलं शिसं (दोरी तळाशी नेणारं वजन), हे सगळं त्याला पोचतं. आता आजोबांना आठवा. ते किती वेळा उठतात? दोरी किती वेळा बाहेर काढतात? मोजून बघा, आणि मग तुमचीही संख्या मोजा.

म्हणून शीर्षकातला सल्ला. तीन-चार संध्याकाळी नदीवर रॉड न घेता जा. चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल असेल तर उत्तम. पाण्यात डोकावायला खिडकी उघडल्यासारखं होतं. काठाशी सावकाश चाला, सूर्य पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडू देऊ नका, आणि बसा. काय शोधायचं? तळातून वर येणारी बारीक बुडबुड्यांची माळ. कार्प गाळात तोंड खुपसतो तेव्हा अडकलेली हवा सुटते. नुसत्या कुजणाऱ्या गाळातूनही बुडबुडे येतात, पण ते एकाच जागी येत राहतात. माशाचे पुढे सरकतात. स्वच्छ पाण्यात मध्येच पडलेला गढूळ डाग. वारा नसताना हलणारं लव्हाळं. आणि कधीतरी पाठ दाखवून डुबकन लोळणारा मासा, ज्याच्यामुळे छाती धडधडते आणि आपण उगाच उभे राहतो. उभे राहू नका.

वेळेचं सांगायचं तर पहाट आणि तिन्हीसांजा. पाणी १० अंशांखाली गेलं की त्याचं खाणं फार मंदावतं. २० अंशांच्या आसपास तो मनापासून चरतो. भर उन्हाळ्यात दुपारचं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा तो खळखळत्या पाण्याच्या खालच्या अंगाला सरकतो. पावसानंतर पाणी किंचित चढून चहाच्या रंगाचं झालं की काठाशी उत्तम संधी असते. पण पाणी चढत असताना तुमची पाठ सुरक्षित वाटेकडे हवी. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते विचारून ठेवा. विजेच्या तारांखाली रॉड उभा करू नका. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते आणि ती एकच चूक पुरते.

जागा सापडली की चारा. हे मी आमिषाच्या आधी सांगतोय ते मुद्दाम. कोणतंही आमिष माशाला ओळखीचं झालं की चांगलं होतं. एकच जागा धरा आणि ओळीनं तीन-चार संध्याकाळी तिथे मूठ-दोन मुठी मक्याचे दाणे टाकून या. मका वाळलेला असेल तर आदल्या दिवशी भिजत घाला आणि मऊ होईपर्यंत उकडा. कोरडे दाणे माशाच्या आत जाऊन फुगतात, त्याला अपाय होतो. डब्यातला गोड मका तसाच चालतो. मूठ-दोन मुठी म्हणजे तेवढंच. उत्साहात घमेलंभर टाकलं तर मासा तेच खात बसेल, तुमच्या दाण्याकडे यायला त्याला कारण उरणार नाही, आणि उरलेलं तळाशी आंबेल. धारेत टाकताना दाणे सरळ खाली पडत नाहीत हेही ध्यानात घ्या. चार दाणे टाकून ते कुठे बसतात ते पाहा, तितकं वरच्या अंगाला सरका.

मग गळालाही तोच मका. किंवा गांडूळ, किंवा घट्ट मळलेला पिठाचा गोळा. चमत्कारी वासाच्या आमिषांबद्दल एवढंच म्हणेन की ती बनवणारे माणसांचं मानसशास्त्र चांगलं जाणतात. बारक्या माशांचा त्रास फार असेल तर गांडूळ आणि मऊ गोळा सोडा, दोन-तीन मोठे, टणक दाणे लावा. त्यांना ते गिळता येत नाहीत.

दाणे गळात खुपसायचे की नाही, यात खरी गंमत आहे. मगाशी सांगितलं की कार्प ओढून घेतो आणि फुंकून टाकतो. आमिषात दडलेला गळ फुंकताना आमिषासोबत सहज निघून जातो. १९७०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी यावर तोडगा काढला. आमिष गळात न खुपसता गळाच्या मागे केसाएवढ्या बारीक दोऱ्यावर लटकवायचं, गळ उघडाच ठेवायचा. मासा दाणा आत घेतो, मागोमाग मोकळा गळ जातो, आणि फुंकताना त्याचं टोक खालच्या ओठात रुततं. ‘हेअर रिग’ म्हणतात तिला. काही जुन्या मंडळींना ती लबाडी वाटते. मला वाटत नाही, कारण गळ जवळजवळ नेहमी ओठातच लागतो, घशात जात नाही, आणि माशाच्या दृष्टीनं ते बरं. तरी पहिला मासा साध्या गळावर, बोटात दोरी धरून पकडा असं मी सुचवेन. ती थरथर काय असते ते हाताला एकदा कळलं पाहिजे.

मांडणी साधी ठेवा. दोरीवरून मोकळं सरकणारं शिसं, खाली एक मणी, मणी अडवायला फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी छोटी कडी), फिरकीपासून वीतभर दोरी आणि गळ. शिसं गोल असेल तर धारेत गडगडतं, चपटं घ्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. तुमचे मासे यामुळे निसटणार नाहीत, दोरी ताठ ठेवली की पुरते.

आता त्या तुटलेल्या तंगुसाकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यांत खरी ओळ तीच आहे.

दहा सेकंदांत तुटलं याचा अर्थ तंगूस कमी जाडीचं होतंच असं नाही. तुटलेलं टोक तुमच्याकडे असेल तर बघा. पिळदार, कुरळं असेल तर गाठ सुटली. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीनं ओली केली नाही तर घर्षणाच्या उष्णतेनं नायलॉन तिथेच कमजोर होतं. बहुतेकांची पहिली गाठ अशीच जाते. टोक खरखरीत, पांढुरकं असेल तर दगडावर घासून झिजलं होतं. दर खेपेला शेवटचा मीटरभर भाग बोटांतून ओढून बघायचा आणि कुठे खरखर लागली की निर्दयपणे कापायचा. आणि टोक अगदी स्वच्छ तुटलेलं असेल तर दोष रीळच्या ड्रॅगचा, म्हणजे किती ओढीला दोरी सुटावी हे ठरवणाऱ्या ब्रेकचा. दुकानातून आणलं तेव्हा जितका आवळलेला होता तितकाच राहिला असणार. हातानं दोरी खेचून बघा: जोर लावल्यावर कुरकुरत का होईना, ती सुटलीच पाहिजे. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या ओढीला सुटेल इतका सैल ठेवा. पाच किलोचं तंगूस असेल तर सव्वा किलोच्या ओढीला. घरी वजनकाट्याचा आकडा अडकवून मोजता येतं, पाच मिनिटांचं काम.

मासा लागला की त्याला पळू द्या. रॉडची कमान आणि रीळची घरघर त्याला दमवतात, तुमचे दंड नाही. रीळ दोरी सोडत असताना हँडल फिरवू नका, नुसता पीळ पडतो. तो झाडोऱ्याकडे निघाला तर रॉड वर उचलण्याऐवजी आडवा करा आणि त्याच्या तोंडाच्या उलट दिशेला ओढा; वळलेल्या डोक्यामागे शरीर येतंच. जाळी दिसली की तो एकदा तरी शेवटची धाव घेतो, तेव्हा घाबरून ड्रॅग आवळू नका. दांड्याची जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि माशाला तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागे धावणाऱ्यांचे मासे मी बरेच सुटताना पाहिलेत. त्यातले दोन माझेच होते.

त्या माशाचं काय झालं असेल? गाठ गळापाशी सुटली असेल तर फार घोर लावून घेऊ नका. ओठातला नुसता गळ, विशेषतः उलटा काटा दाबलेला असेल तर, मासे बऱ्याचदा स्वतःच झटकून टाकतात. खरी भीती लांब दोरी आणि घट्ट बांधलेलं शिसं मागे राहिलं तर असते. ते फांदीत अडकतं आणि मासा खुंटीला बांधल्यासारखा होतो. म्हणून शिसं दोरीला पक्कं बांधू नका. दोरी वर तुटली तर ते त्यातून घरंगळून सुटायला हवं.

कार्प चिवट असतो याचा एक दाखला तुम्हाला आवडेल. १९५२ साली रिचर्ड वॉकर यांनी इंग्लंडमध्ये ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा कार्प पकडला. त्यांनी तो जिवंत ठेवला आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. तिथल्या टाकीत तो १९७१ पर्यंत जगला. मात्र त्यासाठी माशाला नीट हाताळावं लागतं. हात ओले, खाली ओलं कापड किंवा ओलं गवत, स्वतः गुडघ्यांवर, मासा जमिनीपासून वीतभरच वर, बोटं कल्ल्यांत अजिबात नाहीत. सोडताना धारेकडे तोंड करून सरळ धरा. ताकद आली की तोच हाताला हिसका देऊन जातो.

सोडायचा की खायचा हे तुमच्या नदीचे नियम आणि तुमचं घर ठरवेल. इंग्लंडचे कार्पवाले मासा जवळजवळ नेहमी परत सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत मात्र पकडलेला कार्प जिवंत परत सोडणं गुन्हा आहे, कारण तिथे तो परका आहे आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो. परवाना लागतो का, विणीच्या काळात बंदी असते का, हे पहिल्यांदा विचारा. खरं तर तीन महिन्यांपूर्वीच विचारायला हवं होतं. खाणार असाल तर वर कुठलं सांडपाणी मिसळतं ते बघून ठरवा, आणि बारीक काट्यांची तयारी ठेवा.

आजोबांकडे जा. ते दोरी गुंडाळत असतील तेव्हा जा, मासा लागायच्या वेळी नको. हातात रॉड नको आणि पहिला प्रश्न आमिषाचा नको, तो त्यांना सगळेच विचारतात. ‘आजोबा, तुम्ही हीच जागा का धरलीत?’ असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर लगेच नाही मिळालं तर पुढच्या आठवड्यात मिळेल. त्यांच्या जागेवर मात्र कधीही दोरी टाकू नका, ते नसतानाही नाही. त्यांनी तिथे चारा टाकून ती घडवलेली असते.

पुढच्या रविवारी काय नेऊ, असं विचारलंत. मंगळवार आणि बुधवार संध्याकाळ: गॉगल, पाण्याची बाटली, बसायला काहीतरी मऊ. गुरुवार, शुक्रवार, शनिवार: तेच, आणि दोन मुठी उकडलेला मका. शनिवारी रात्री गाठ ओली करून नवी बांधा आणि ड्रॅग काट्याला लावून बघा. रविवारी उजाडायच्या अर्धा तास आधी पोचा, टॉर्च पाण्यावर मारू नका, शिसं एकदाच टाका आणि तासभर हात लावू नका. रॉड मात्र सोडून कुठे जाऊ नका. कार्प तो पाण्यात ओढून नेतो, आणि मग तुम्हाला खरोखरच नवा घ्यावा लागेल.